अपग्रेडमध्ये जुने पॅकेज काढता येत नाही, मदत हवी आहे

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती ११ वरून १२ वर जाताना, प्रिंटर ड्रायव्हरचे बाहेरून बसवलेले एक जुने पॅकेज काढण्याच्या टप्प्यावर डीपीकेजी (पॅकेजेस बसवणारे व काढणारे साधन) थांबते, कारण त्या पॅकेजची काढण्याआधी चालणारी प्रीआरएम स्क्रिप्ट आता अस्तित्वातच नसलेली सेवा (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) बंद करू पाहते आणि त्रुटी क्रमांक १ देऊन बाहेर पडते. सक्तीने काढण्याचा पर्याय दिला तरी ती स्क्रिप्ट चालतेच. इतर अनेक पॅकेजेस उलगडली गेली असली तरी त्यांचे कॉन्फिगरेशन अपुरे आहे, त्यामुळे संगणक पुन्हा सुरू करण्याचे धाडस मी केलेले नाही.

डीपीकेजीच्या इन्फो फोल्डरमधील त्या स्क्रिप्टची प्रत ठेवून तिच्या सुरुवातीला ‘एक्झिट ०’ (म्हणजे काही न करता यशस्वीपणे बाहेर पडण्याची सूचना) लिहिणे सुरक्षित आहे का? की आधी फक्त सेवा बंद करणारी ओळ वगळून पाहावी? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.