बल्गेरियात शाकाहारी आईसाठी काय मागवावे? मदत हवी आहे

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी आईला घेऊन आठ दिवसांसाठी सोफिया आणि प्लोवदिव येथे जात असून, ती अंडेही खात नसल्याने तेथील पारंपरिक जेवणाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. काकडी, दही, लसूण, शेपू आणि अक्रोड घातलेले तारातोर हे थंड सूप तिला नक्की आवडेल, कारण ते आपल्या कोशिंबिरीचेच पातळ भावंड आहे. शिवाय ज्या दह्यातील जिवाणू बल्गेरियन शास्त्रज्ञ स्तामेन ग्रिगोरोव यांनी १९०५ मध्ये शोधला, ते दही तिला त्याच मातीत चाखायचे आहे.

अडचण बानित्सा या भाजलेल्या पदार्थाची आहे. त्याच्या पातळ पापुद्र्यांत 'सिरेने' नावाचे चीज भरताना सहसा अंडी घालतात, तेव्हा लाल भोपळा आणि अक्रोड भरलेला तिकवेनिक हा गोड प्रकार बेकरीत बिनअंड्याचा मिळतो का, आणि तोही मे महिन्यात? बॉब चोर्बा या घेवड्याच्या सूपमध्ये मांस नाही याची खात्री करण्यासाठी, उपवासाचे या अर्थाचा 'पोस्तनो' एवढा शब्द पुरतो का? (तिथे होकारासाठी मान आडवी हलवतात, त्यामुळे खुणांवर माझा भरवसा नाही.)

धान्य आंबवून केलेले बोझा मात्र मी स्वतः पिऊन पाहणार आहे. ते सोफियात ताजे कुठे मिळते, हेही कृपया कळवावे.