जंकस इफ्यूसस: हर्बेरियम नोंदींचे बिंदू समुद्रात का पडतात?

दलदल_वही
जीबिफवरून (जीवविविधतेच्या नोंदींचा जागतिक खुला साठा) ब्रिटनमधल्या जंकस इफ्यूससच्या (दलदलीतली, गोल दांड्याची गवतासारखी वनस्पती) नोंदी उतरवल्या, त्यातले फक्त हर्बेरियममध्ये म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात जतन केलेले नमुने ठेवले. नकाशा करायचाय. किनाऱ्याजवळचे काही बिंदू थेट पाण्यात. बऱ्याच नोंदींवर तारीख १ जानेवारी. एकच संग्राहक, एकच दिवस, नोंदी मात्र चार. शिवाय काही शीटवर (नमुना चिकटवलेला कागद) 'काँग्लोमेरॅटस' (जंकसचीच दुसरी जात) खोडून 'इफ्यूसस' केलंय. काय धरायचं?

चौकट_किमी
पाण्यातले बिंदू बहुतेक ग्रिडमुळे. ब्रिटिश ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या चौकटीचा अक्षर-आकडी पत्ता) चौकटीचा नैर्ऋत्य कोपरा सांगतो. १० किमीच्या चौकटीचा कोपराच बिंदू म्हणून घेतला की असं होतं. पूर्वेला ५ आणि उत्तरेला ५ किमी मिळवून मग अक्षांश-रेखांश काढा, अनिश्चितता ७०७१ मीटर (अर्धा कर्ण) भरा. १ किमीच्या चौकटीला ५००-५०० मीटर आणि ७०७. किनाऱ्यावर मध्यबिंदूही कधी पाण्यात जातो, म्हणून लगेच नोंद उडवू नका. त्या अनिश्चिततेएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ जमिनीला लागतंय का बघा.

लेबलवर नुसती व्हाइस-काउंटी असेल (वनस्पती-नोंदींसाठी वॉटसनने केलेली १८५२ची विभागणी, ग्रेट ब्रिटनचे ११२ भाग) तर बिंदू टाकूच नका, तो भाग रंगवा.

१ जानेवारी म्हणजे बहुधा लेबलवर फक्त वर्ष होतं. शीटवर उमललेली फुलं दिसली तर शंकाच नको, ही जून ते ऑगस्टमध्ये फुलते. महिना-दिवस रिकामे ठेवा.

चार नोंदी म्हणजे बहुधा एकाच वेचणीचे भाग वेगवेगळ्या हर्बेरियमना गेलेले. संग्राहक, क्रमांक, तारीख जुळवून एक धरा. जुन्या लेबलांवर क्रमांक नसतो, तिथे ठिकाणाचा मजकूर ताडा.

गाभा_पांढरा
ओळखीचं सांगतो. फुलांचा गेंद घट्ट दिसला म्हणून काँग्लोमेरॅटस म्हणू नका; इफ्यूससमध्येही घट्ट गेंदाचा प्रकार आहे, आणि निम्मा घोळ तिथेच होतो. फुलोऱ्याच्या लगेच खालचा दांडा पाहा: काँग्लोमेरॅटसमध्ये ठळक कंगोरे, इफ्यूससमध्ये ताजा दांडा गुळगुळीत. पण वाळल्यावर इफ्यूससही आकसतो आणि रेघा उठतात, फोटोत फसायला होतं. तेव्हा बोंडाचं (फळाचं) टोक बघा. काँग्लोमेरॅटसच्या खोलगट टोकात छोट्या उंचवट्यावर परागवाहिनीचा (फुलातल्या स्त्री-भागाच्या नळीचा) अवशेष राहतो, इफ्यूससमध्ये तो उंचवटा नसतो.

दांड्याचा गाभा शिडीसारखा तुटक असेल तर तो इन्फ्लेक्सस, ही जंकसची तिसरी जात. त्यासाठी शीटवरचा दांडा चिरायचा नाही. तुटलेल्या टोकाचा जवळून फोटो मागवा.

दलदल_वही
चारपैकी एकाच शीटची ओळख बदलली असेल तर ती बाकी तिघांना लावायची का?

गाभा_पांढरा
नाही. इफ्यूसस आणि काँग्लोमेरॅटस एकाच ठिकाणी उगवतात, संकरही होतो, एका वेचणीत मिसळ असू शकते. नोंदीवर 'तपासायचं' अशी खूण करा आणि ज्याने ओळख बदलली त्याचं नाव व वर्ष वेगळ्या रकान्यात ठेवा. आणि मराठी नकाशावर जंकसला 'लव्हाळा' लिहू नका. तो आपल्याकडे सायपेरस, वेगळीच वनस्पती, तिकोनी दांड्याची.