कुणीही न शिकवता तुमचं मांजर काय काय करतं?

आमची चिंगी जेमतेम तीन आठवड्यांची असताना पार्किंगमध्ये सापडली. ड्रॉपरने पाजून वाढवली, दुसरं मांजर म्हणून तिने पाहिलेलं नाही. तरी परवा ट्यूबलाइटमागून पाल निघाली आणि बाईंचा खालचा जबडा थरथरायला लागला, 'क्यॅक-क्यॅक-क्यॅक'! मला वाटलं घशात काही अडकलं. तुमच्याकडचे मासले येऊ द्या.

बोकोबा
आमचाही करतो, पण खिडकीला जाळी असेल तरच. अंगणात साळुंकीमागे लागला की तोंडातून चकार शब्द नाही. माझ्या मते तो चरफडतो!

कोकणी_माऊ
आमची भाटी आजीच्या लुगड्यावर कणीक तिंबते. डावा पंजा, उजवा पंजा, डोळे मिटलेले, पदराचं टोक तोंडात. आईला लुचताना पिल्लं दूध उतरावं म्हणून करतात ते हेच. ही आठ वर्षांची घोडी आहे. आजीचा एकेक पदर भिजलेला असतो, पण उठवायची नाही.

हिरवी_कुंडी
कुंडीतलं तण उपटताना खोकली नावाचं रोपटं मुळासकट निघालं. बोक्याने ते मूळ हुंगलं, चाटलं, गाल घासले आणि लाळ गाळत फरशीवर लोळला. पाने त्याने कधी विचारली नव्हती, जादू मुळाची. बाहेरून कॅटनिप (मांजरांना झिंग आणणारी वनस्पती) मागवायचे माझे पैसे वाचले.

रात्रपाळी
मी घरी आलो की आमचा बोका बूट हुंगतो आणि तोंड उघडं टाकून, वरचा ओठ ओढून, भूत पाहिल्यासारखा बघत बसतो. आधी मनाला लागलं होतं. मग कळलं, टाळूत वास घेणारं वेगळं इंद्रिय असतं, तिथवर वास पोचवायला तसं तोंड करतात. तरी मोजे बदलले.

ठकी
घुरघुर म्हणजे मांजर खूश, असं मीही समजत होते. गॅलरीतून पडून आमच्या मांजरीचा पाय मोडला तेव्हा टेबलावर ही इतकी घुरघुरत होती की डॉक्टरांना छातीचे ठोके ऐकू येईनात. शेवटी त्यांनी बेसिनचा नळ सोडला. पाण्याच्या आवाजाकडे कान फिरले, घुरघुर थांबली, तेवढ्यात ठोके मोजले. दुखतंय, भीती वाटतेय, तेव्हाही घुरघुरतात म्हणाले.

सात_घरं
आमच्या मनीने पिल्लांना सात नाही, पण चार घरं नक्की दाखवली. माळा, गोठा, शेजाऱ्यांचं कपाट, परत माळा. शिकार आणली की तोंड भरलेलं असतानाच घशातून दबका 'म्र्राँव' काढायची, पिल्लं धडपडत धावायची. नंतर पिल्लं लोकांना देऊन टाकली, तिचं ऑपरेशनही झालं. हाक मात्र अजून येते, पहाटे पाचला, माझ्या उशाशी. उठले नाही तर उंदीर पांघरुणावर ठेवते.

बोकोबा
जिवंत?

सात_घरं
अर्धा. शिकवणी चालू आहे ना माझी.