अंधारात शूटिंगसाठी स्वस्तातला कॅमकॉर्डर कोणता घ्यावा?

रानभुली
मंडळी, ट्रेक आणि कॅम्पिंगचे व्हिडिओ काढायला कॅमकॉर्डर घ्यायचाय, बजेट बेताचंच आहे. दिवसा मोबाईलवर भागतं, पण आमची खरी धमाल पहाटेच्या चढाईत नाहीतर रात्री शेकोटीपाशी, आणि नेमकं तेव्हाच सगळं रवाळ येतं. सोनीचा सीएक्स४०५ बघितलाय, ३० एक्स झूम, फुल एचडी, वजनाला हलका. चालेल का? लेन्सा बदलायची भानगड नकोय.

काजवा
झूमच्या आकड्यावर जाऊ नका हो! त्यात सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, १/५.८ इंचाचा आहे, टिकलीएवढा, त्यावर उजेड पडून पडणार किती. आणि सेन्सर एवढासा आहे म्हणूनच तर ३० एक्स झूम त्या चिमुकल्या लेन्समध्ये बसतो. दिवसा मस्त चालेल, पण तुम्हाला तर रात्रीसाठीच हवाय ना. पॅनासॉनिकचा एचसी-व्ही७७० जुना कुठे मिळतोय का बघा, सेन्सर १/२.३ इंच, लेन्स एफ/१.८ (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), शिवाय बाहेरचा माईक लावता येतो, वाऱ्यात त्याचा फार उपयोग होतो.

दगडधोंडा
मी तर म्हणेन सरळ १ इंच सेन्सरवाला घ्या, पॅनासॉनिकचाच एफझेड१०००, लेन्स बदलायची गरज नाही. १/२.३ च्या जवळपास चौपट क्षेत्रफळ आहे.

काजवा
चौपट खरं, पण लेन्स एफ/२.८ पासून सुरू होते ना राव, एफ/१.८ च्या मानाने निम्म्याहून कमी उजेड आत येतो, म्हणजे सेन्सरने कमावलेलं बरंचसं लेन्सने घालवलं. थोडा सरस ठरेल, नाही म्हणत नाही, पण ८०० ग्रॅमच्या वरचं धूड चढावर कोण वागवणार?

वाटसरू
कुठलाही घ्या, अंधारात झूम करू नका. व्ही७७० पूर्ण झूमला एफ/३.६ वर जातो, म्हणजे उजेड पाव राहिला, त्यापेक्षा चार पावलं पुढे जा. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल आणि समोर फार हालचाल नसेल तर शटरचा वेळ १/५० सेकंदावरून १/२५ करा, उजेड दुप्पट मिळतो. गेन (सिग्नल वाढवून चित्र उजळवायची सोय) मात्र ऑटोवर सोडू नका, दर ६ डीबीला सिग्नल दुप्पट होतो तसा नॉइजही, म्हणजे तो रवाळपणाही होतो. गडद भाग काळेच राहू द्या की, रात्र आहे ती! आणि इन्फ्रारेड नाइट मोडला भुलू नका, तो काही मीटरपर्यंतच पोचतो आणि त्यात रंग जातात, शेकोटीची मजाच गेली मग.

रानभुली
भारीच! सीएक्स४०५ रद्द. जुना घेताना काय तपासू?

वाटसरू
लेन्सवर झाकण लावून गेन फुल करा आणि थोडं रेकॉर्ड करून मोठ्या स्क्रीनवर बघा, एकाच जागी चमकणारे ठिपके दिसले तर ते खराब पिक्सेल. मग झूम आत-बाहेर करत फोकस अडखळतो का बघा. बॅटरी जुनी असणारच, नवीन मिळतेय याची खात्री आधी करा, थंडीत तर ती अजूनच लवकर बसते, जास्तीची एक आतल्या खिशात ठेवायची.