मदत हवी आहे: जहाजात भरायचं निकेल ओअर (निकेलची कच्ची खनिज माती) ओलं आहे, थर्ड मेट (ज्युनिअर डेक ऑफिसर) लोडिंग थांबवू शकतो का?

मर्चंट नेव्हीतल्या लोकांनी प्लीज लवकर सांगा. धाकटा भाऊ बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणारं जहाज) थर्ड मेट आहे, सध्या इंडोनेशियात अँकरेजला, म्हणजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून, निकेल ओअर भरतायत, माल आणणाऱ्या बार्ज उघड्या आणि वरून पाऊस चालूच. काल फोनवर म्हणाला, क्रेनचा ग्रॅब उघडला की होल्डमध्ये (जहाजाच्या मालाच्या कोठारात) नुसता चिखल पडतोय, शिंतोडे पार भिंतींवर, त्याने कॅन टेस्ट केली (डब्यात माल भरून डबा आपटून बघतात) तर वर पाणी आलं, पण शिपरच्या (माल पाठवणाऱ्याच्या) सर्टिफिकेटवर ओलावा ठरलेल्या मॉइश्चर लिमिटच्या आत आहे म्हणून चीफ मेट म्हणतो कागद ओके आहेत. 2017 ला एमराल्ड स्टार हे जहाज असंच निकेल ओअर घेऊन इंडोनेशियाहून चीनला जाताना बुडालं, 26 जण, सगळे आपले भारतीय, त्यातले 10 गेले. आईला अजून काही सांगितलेलं नाही. त्याने थेट कॅप्टनकडे जावं का? आणि आम्ही घरून कुणाला कळवायचं?

प्रतिसाद:
ताई, कॅप्टनकडे आजच जाऊ दे. डब्यात पाणी वर आलं तर लॅब टेस्ट झाल्याशिवाय तो माल घ्यायचाच नाही, हे आयएमएसबीसी कोडमध्येच (जहाजावरच्या सुट्या मालाचे आंतरराष्ट्रीय नियम) आहे (उलट डबा कोरडा राहिला म्हणजे माल सेफ, असं मात्र नाही). मॉइश्चरचं सॅम्पल लोडिंगच्या आधी 7 दिवसांच्या आतलं लागतं, आणि मध्ये जोरदार पाऊस झाला तर परत टेस्ट, म्हणजे तो कागद आता काही कामाचा नाही. किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय हलवत राहिलं की खालची वाळू पातळ होते ना, तेच होल्डमध्ये होतं, इंजिनची थरथर आणि लाटांनी कण दबतात, मधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि हजारो टन माल एकदम वाहायला लागतो, जहाज कललं की तो त्या बाजूला जातो आणि पुरता परत येत नाही, मग वेळच मिळत नाही. 2009 च्या पावसाळ्यात आपल्याकडेच मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि पारादीपला ब्लॅक रोझ ही जहाजं बुडाली, दोन्हींवर आयर्न ओअर फाइन्स (बारीक लोहखनिज). लोडिंग थांबवायचा पूर्ण अधिकार कॅप्टनला आहे, त्याने पी अँड आय क्लबचा (जहाजमालकांचा विमा क्लब) सर्व्हेअर बोलवावा. कॅप्टन ऐकत नसेल तर कंपनीच्या डीपीएला (सेफ्टीसाठी नेमलेला किनाऱ्यावरचा अधिकारी) फोन, नंबर जहाजावर लावलेला असतो, कुणीही थेट करू शकतो. तुम्ही मुंबईत डीजी शिपिंगला (सरकारचं जहाज वाहतूक खातं) ईमेल टाका, जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) आणि पोर्ट लिहा. भावाला सांगा कॅन टेस्टचे फोटो, बार्ज कुठली, वेळ काय, सगळं आत्ताच नोंदवून ठेव.

धागाकर्ती:
खूप आभार, ईमेल आत्ता लिहितेय. एकच विचारायचं राहिलं, डीपीएला फोन केला तर भावाचं नाव कॅप्टनपर्यंत जातं का? त्याला तीच भीती वाटतेय.