फ्रान्सच्या खेड्यांत सायकल: मोटारबंदीचा हरितमार्ग की साधा डी रस्ता?

दोनचाकी
येत्या उन्हाळ्यात आपल्या या मंचावरचे काही जण फ्रान्समध्ये सायकलवर फिरायला निघालेत. प्रत्येकाचा बेत एकच, जिथे मोटार येऊच शकत नाही अशाच वाटेने जायचं. फ्रेंच लोक या वाटांना 'व्हुआ व्हेर्त' म्हणतात, आपण हरितमार्ग म्हणू. बहुतेक हरितमार्ग बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर नाहीतर कालव्याकाठी आहेत. तिथे चालणारे, सायकलवाले, स्केटवाले आणि काही ठिकाणी घोडेस्वार एवढ्यांनाच मुभा. वाहतूक कायद्यात त्यांना २००४ साली रीतसर जागा मिळाली, पण पहिला मार्ग त्याआधीच, १९९७ मध्ये, बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी असा ४४ किलोमीटर खुला झाला होता.

माझं म्हणणं थोडं बोचेल. फक्त हरितमार्गांवर फिरलात तर फ्रान्स तुमच्या शेजारून निघून जाईल. हाच पहिला मार्ग घ्या. डांबर गुळगुळीत, चढ नावापुरता. रेल्वे आखणाऱ्यांनी डोंगर टाळला, म्हणून तुम्हीही टाळता. कित्येक किलोमीटर दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच एखादं जुनं स्टेशन, पुन्हा झाडी. वाटेतल्या कॉर्मातँ गावाला डी १४ या जिल्हा-रस्त्याने पूर्वेला वळा, थोड्याच वेळात शापेझ गावातलं अकराव्या शतकातलं चर्च लागतं. पुढे चढून गेलं की ब्राँसिओं, म्हणजे टेकडीवरचा किल्ला आणि खाली लाकडी खांबांची जुनी मंडई. हरितमार्गावरून यातलं काहीही दिसत नाही.

फ्रान्समध्ये जिल्हा पातळीवरचे, म्हणजे 'डी' क्रमांकाचे रस्ते जवळजवळ पावणेचार लाख किलोमीटर आहेत. त्यातल्या बारक्या रस्त्यांवर ट्रॅक्टर दिसला तरी हात करावासा वाटतो. खरी चैन तिथे आहे.

लेकुरवाळी
मी लिऑनला राहते. माझी मुलं सहा आणि नऊ वर्षांची. दोनचाकी, तुमच्या त्या चैनीच्या रस्त्यावर मोटारी ऐंशीने येतात, आणि ज्या जिल्ह्यांनी २०१८ची ही ऐंशीची मर्यादा पुन्हा वाढवून घेतली तिथे नव्वदने. गावाबाहेर सायकलला मागे टाकताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा नियम आहे, ठेवतातही बरेच जण. पण सहा वर्षांचं पोर सरळ रेषेत चालवत नाही हो. फुलपाखरू दिसलं की हँडल तिकडे.

तुम्ही लिहिलेल्या मार्गावर आम्ही गेलो आहोत. तो आता क्लुनीच्या पुढे दक्षिणेला जातो, तिथे ब्वा क्लेरचा बोगदा आहे, दीड किलोमीटरहून लांब. बाहेर भर उन्हाळा, आत दिवे आणि हाडं गोठवणारा गारवा. जॅकेट पिशवीच्या तळाशी असेल तर तिथेच सगळं सामान उपसावं लागतं. आमच्या धाकट्याने पूर्ण बोगदाभर 'ओऽऽ' केलं, समोरून येणाऱ्या आजीबाईंनीही त्याला 'ओऽऽ' दिला. ब्राँसिओं राहिलं ते राहिलं. ज्याला कुठेही सायकल चालवता येते त्याने हरितमार्गाला नावं ठेवणं फार सोपं आहे.

बाराशे_किमी
दोनचाकींना अनुमोदन. मी पुण्याचा, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस केलेला. माहीत नसलेल्यांसाठी: १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालं, आता दर चार वर्षांनी होतं, साधारण १२०० किलोमीटर, बहुतेकांसाठी ९० तासांची मुदत. आपल्याकडूनही आता बरेच जण जातात. जवळजवळ सगळी वाट खेड्यांतून आणि साध्या रस्त्यांवरून. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात रात्री दोन वाजता घराबाहेर टेबल मांडून कॉफी आणि क्रेप, म्हणजे पातळ धिरडी, घेऊन बसलेली कुटुंबं भेटतात. पैसे विचारले तर पोस्टकार्ड पाठवा म्हणतात. असं तुमच्या झाडीतल्या वाटेवर भेटणार आहे का?

लेकुरवाळी
नाही भेटणार. पण चार वर्षांतून एकदा टेबल मांडणारं गाव तुम्ही पाहिलंत, मी त्याच देशात दर बुधवारी दुपारी मुलांना घेऊन रस्ता ओलांडते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला तुमच्यासोबत हजारो सायकली असतात, ड्रायव्हरला त्या दिसणारच. एरवी मी एकटी आणि मागे दोन पोरं.

तुलूझकर
दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरताय की सगळे हरितमार्ग एकसारखे. तसं मुळीच नाही, आणि बाहेरून येणारे इथेच फसतात.

कानाल द्यू मिदी या कालव्याचं उदाहरण देतो, कारण प्रत्येक मराठी पाहुणा मला त्याचाच फोटो दाखवतो. सतराव्या शतकात रिके नावाच्या माणसाने खोदवलेला, तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत २४० किलोमीटर, १९९६ पासून जागतिक वारसा. तुलूझहून निघालात की पहिले पन्नासेक किलोमीटर सुरेख डांबर. आमच्या ऑत-गारोन जिल्ह्याची हद्द संपते तिथे डांबरही संपतं. असल्या कामांत जिल्हा पैसे घालतो, शेजारच्या जिल्ह्याचं मन वेगळं. पुढे बराच भाग मातीचा, मध्ये प्लेन (चिनारच्या जातीच्या) झाडांची मुळं वर आलेली, एका ठिकाणी तर पाऊलभर रुंद पट्टा आणि लगेच पाणी. भाड्याच्या बारीक टायरच्या सायकलवर मागे सामान लादून गेलेले लोक संध्याकाळी मला फोन करून शिव्या घालतात. सावली म्हणाल तर २००६ पासून त्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, हजारोंनी तोडावी लागली. नवी लावताहेत, पण सावलीला अजून वेळ आहे.

याउलट गारोनचा कालवा. तुलूझहून बोर्दोच्या दिशेने जाणारा, १९३ किलोमीटर, जवळजवळ सगळीकडे डांबर. फोटोत तितका देखणा नाही म्हणून कुणी विचारत नाही. आणि दोनचाकी, 'हरितमार्गावरून काही दिसत नाही' हे तिथे म्हणून दाखवा. मोआसाक गावी कालव्यावरून उतरून पाच मिनिटांत मठाच्या ओवऱ्या, सन ११००च्या, खांबांवर ७६ कोरीव शीर्षं. १८५०च्या दशकात तिथून रेल्वे नेताना मठाचं भोजनगृह पाडलं, ओवऱ्या थोडक्यात वाचल्या. तिथे उभं असताना शेजारून गाडी धडधडत जाते, तेव्हा हे नीट कळतं.

ल्वार नदीकाठच्या ९०० किलोमीटरच्या प्रसिद्ध मार्गाबद्दलही सांगतो. तो संपूर्ण मोटारबंद नाही. बऱ्याच ठिकाणी गावातल्या कमी रहदारीच्या रस्त्यांवरूनच जातो. म्हणजे 'मोटार नको' म्हणणारे आणि 'डी रस्ता हवा' म्हणणारे तिथे नकळत एकाच रस्त्यावर असतात.

साठीपार
आम्ही नवरा-बायको ल्वारकाठी बॅटरीच्या सायकलींवर गेलो होतो. 'आक्यूय व्हेलो' ही पाटी असलेल्या लॉजमध्येच उतरायचं, सायकलीला कुलूपबंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारं मिळतात. वादात पडत नाही. फक्त एक सूचना: खेड्यातली बेकरी रविवारी सकाळी उघडी असते आणि सोमवारी बऱ्याचदा बंद. दुपारी बारा ते दोन तर वाणीही कुलूप लावतो. पाणी संपलं तर गावाचं कब्रस्तान शोधा, तिथे नळ असतोच. पाणी पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना, तेवढं बघा.

रूळ
सायकलवाल्यांनो, कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. तुमचा हरितमार्ग म्हणजे मेलेली रेल्वे. रूळ उखडले, डांबर ओतलं, फीत कापली. त्या खेड्यातल्या म्हातारीला तालुक्याच्या दवाखान्यात जायला गाडी होती, ती गेली. पिरेनीज डोंगरांत ओलोराँ ते बदू हा रेल्वेचा फाटा कैक वर्षं बंद होता, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाला. जागा रेल्वेची राहिली म्हणून जमलं. तिथे हरितमार्ग केला असता आणि दुकानं, कॅफे उभे राहिले असते, तर उठवायची कुणाची छाती होती?

दोनचाकी
रूळ, धागा तिसरीकडेच नेलात, पण मुद्दा खरा आहे. माझं उत्तर एवढंच, की जिव्री-क्लुनीसारख्या बऱ्याच फाट्यांवर गाड्या हरितमार्गाच्या कितीतरी आधी बंद झाल्या होत्या. पट्टा सलग सार्वजनिक राहिला हेही काही कमी नाही. तुकडे पाडून शेतकऱ्यांना विकला असता तर ना सायकल ना रेल्वे.

एकटीच
मी एकटी फिरते. दोन्ही बाजूंना न विचारलेली माहिती देते.

मोटार नसली म्हणजे वाट सुरक्षित, हे गणित मला कधी पटलं नाही. कालव्याचा काठ संध्याकाळी सातनंतर इतका निर्मनुष्य होतो की मागून येणाऱ्या सायकलचा आवाज आला तरी पोटात गोळा येतो. डी रस्त्यावर निदान दर दहा मिनिटांनी कुणीतरी जातं, घरांत दिवे दिसतात. शरद ऋतूत जंगलातून जाणाऱ्या मार्गांवर शिकारी असतात, विशेषतः रविवारी. नारिंगी जाकीट घालूनच निघते. लेकुरवाळींच्या बोगद्याचं सांगायचं तर तो थंडीत वटवाघळांसाठी बंद असतो, तेव्हा वरच्या खिंडीतून जावं लागतं. ऑक्टोबरनंतर जाणाऱ्यांनी आधी चौकशी करा.

आणखी एक वैताग. प्रत्येक रस्ता-छेदावर मोटारी घुसू नयेत म्हणून आडवे खांब आणि नागमोडी कठडे लावलेत. भरलेल्या पिशव्या अडकतात, मुलांचा ट्रेलर तर बऱ्याच ठिकाणी उचलून काढावा लागतो. वर तिथे थांबायचं सायकलवाल्यानेच, मोटारीने नाही. ज्यांच्यासाठी मार्ग, त्यांनाच उतरवतात.

लेकुरवाळी
ट्रेलरचं अगदी खरं. मोठा मुलगा लहान असताना एका कठड्यात आमचा असा अडकला की मागे पाच-सहा जणांची रांग. शेवटी एका धावणाऱ्या काकांनी एक बाजू धरली. पण एकटीच, मुलं घेऊन सातनंतर मी तशीही बाहेर नसते, त्यामुळे आपल्या दोघींची भीती वेगवेगळ्या वेळची आहे.

बाराशे_किमी
एकटीच यांचा मुद्दा मान्य. रस्त्यावर माणसं असावीत हेच मीही म्हणत होतो, फक्त क्रेपच्या निमित्ताने.

दोनचाकी
मलाही हरितमार्ग बंद करायचे नाहीत. मुक्कामाच्या गावापर्यंत त्यावरून जा, मग सामान लॉजवर टाका आणि हलक्या सायकलने डी रस्त्यावर भटका. लेकुरवाळी, मुलं दहा-बारा वर्षांची झाली की ब्राँसिओं करून बघा.

एकटीच
कॉर्मातँहून तिथवर चढ किती आहे? पूर्ण सामानासकट जमेल का?

दोनचाकी
खिंड साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, कॉर्मातँ दोनशेवर. म्हणजे एकूण चढाई दीडेकशे मीटर, त्यातली बरीचशी शापेझ सोडल्यावर. सामानासकट जमेल, पण सकाळी निघा. शापेझच्या चर्चच्या सावलीत पाणी पिऊन मग चढा, आणि पलीकडे तूरनू गावाकडे उतरताना ब्रेक आधी तपासा.