मदत हवी आहे: पत्र्यावरचं पावसाचं पाणी हौदात टिकत नाही, काय करावं?

नमस्कार मंडळी, आम्ही औसा तालुक्यातले. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते दिवस आई अजून विसरली नाही, म्हणून पत्र्यावरचं पाणी साठवायचंच असं घरात ठरलंय. पत्रा 60 चौरस मीटर, म्हणजे 10 मिलीमीटर पाऊस झाला तरी 600 लिटर, थोडं वाया गेलं तरी 500 कुठं जात नाही. मागच्या वर्षी पन्हाळीला पाईप जोडून सरळ हौदात सोडलं पण पहिल्याच पावसात लिंबाचा पाला, पाखरांची घाण, धूळ सगळं आत गेलं आन् पंधरा दिवसात पाण्याला वास, कडंनं हिरवं शेवाळ, वर डासाच्या अळ्या वळवळायला लागल्या, शेवटी सगळं झाडाला ओतावं लागलं, लई जीवावर आलं हो.

आता पहिलं पाणी बाहेर काढायला वेगळा पाईप टाकायचाय, त्याला खाली चावी बसवू का बारीक भोक ठेवू? गाळणीत खडी, वाळू, कोळसा कोणता थर वर कोणता खाली? हौदावर फरशी टाकून अंधार केला तर शेवाळ थांबंल का? प्यायला नकोय, धुणंभांडी अंघोळीपुरतं. कुणी केलं असंल तर फोटो टाका, मिरग लागायच्या आत काम उरकायचंय.